मोबाइलचे रिव्ह्यू: कोणाचं, कशाबद्दल आणि किती ऐकायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत, त्यांना १८ हजारांपर्यंतचा फोन घ्यायचाय, दोन मॉडेलं मनात आहेत. यूट्यूबवर तिघाचौघांचे व्हिडिओ पाहिले, सगळ्यांनी दोन्ही फोन उचलून धरले. खरेदीच्या साइटवर गेलात तर वर ४.३ तारे आणि त्याच्याच खाली कोणीतरी लिहिलंय, 'फार तापतो, पैसे पाण्यात गेले'. म्हणून तुम्ही विचारताय, हे रिव्ह्यूवाले सगळे विकले गेलेत का? आणि नसतील तर ऐकायचं कोणाचं?

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे माझं किती ऐकायचं हेही तुम्हाला ठरवता येईल. नवी पेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन फोन मी विकत नाही, त्यामुळे कोणत्या कंपनीचा माल खपला यावर माझं काही अडत नाही. पण डिस्प्ले, बॅटरी आणि चार्जिंग जॅक यांवर माझं घर चालतं, आणि माझ्या टेबलावर येतो तो प्रत्येक फोन बिघडलेलाच असतो. धडधाकट फोन माझ्याकडे कशाला येईल? याचा परिणाम माझ्या मतावर कसा होतो ते पुढे सांगतो.

आता पैशाचं. काही जण पैसे घेतात, बरेच जण घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांचेही प्रकार वेगवेगळे आहेत. कंपनीने रक्कम मोजून व्हिडिओ करवून घेतला तर ती जाहिरात झाली, आणि तसं सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियमन संस्था आहे, ॲस्की. तिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम आणले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. फुकट मिळालेली वस्तू, कंपनीच्या खर्चाने केलेला प्रवास, सवलत हे सगळं उघड करायचं असं तीत म्हटलंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होताना कोपऱ्यात काही सेकंद 'पेड प्रमोशन'ची बारीक पट्टी येते ना, तिच्यावर नजर ठेवा. आपण नेमके तेवढे सेकंद पुढे ढकलतो.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनीने फोन काही दिवस वापरायला दिला, पैसे दिले नाहीत. निदान मोठे चॅनल आणि वर्तमानपत्रं यांचं बरंचसं काम असंच चालतं. इथे लाच नाही, पण पुढचा फोन वेळेवर मिळेल की नाही ही धाकधूक असते. फोन वेळेवर मिळाला नाही की व्हिडिओ आठवडाभर उशिरा येतो, आणि उशिरा आलेला व्हिडिओ कोणी बघत नाही. म्हणून टीका होते, पण मऊ शब्दांत. 'रोजच्या वापराला पुरेसा आहे' म्हणजे गेम खेळलात की अडखळेल. 'या किमतीत कॅमेरा ठीक' म्हणजे रात्री फोटो काढू नका. 'हातात प्रीमियम वाटतो' हे वाक्य तीनदा आलं तर सांगण्यासारखं दुसरं काही सापडलेलं नाही. थोडी सवय झाली की हे वाचता येतं.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओच्या खाली खरेदीच्या लिंका असतात. त्यांवरून तुम्ही फोन घेतलात तर त्या माणसाला कमिशन मिळतं. त्याला एका कंपनीची बाजू घ्यायची गरजच नाही. तुम्ही 'अ' घ्या नाहीतर 'ब' घ्या, त्याचं भागतं. त्याचं नुकसान फक्त एका गोष्टीत आहे. 'सध्याचाच फोन अजून वर्षभर चालवा, बॅटरी बदलून घ्या' असं सांगितलं तर. म्हणूनच हा सल्ला क्वचित ऐकू येतो. (मी तो देतो, कारण बॅटरी मी बदलतो. बघा, माझंही तेच.)

पण माझ्या मते तुमची खरी अडचण पैशाची नाहीच. उद्या सगळे रिव्ह्यूवाले गंगेत न्हाऊन आले आणि कोणाकडून एक रुपया न घेता बोलले, तरी तुमच्या वडिलांसाठी कोणता फोन घ्यावा हे त्यांना सांगता येणार नाही. कारण ते कळायला त्यांना वावच नसतो. फोन आठवडा-दहा दिवस हातात, एकच नग, बहुधा एसी खोलीत, आणि कंपनीने ठरवलेल्या तारखेला सगळ्यांचे व्हिडिओ एकदम बाहेर. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघता येतात, चाल बघता येते. नांगराला कसा चालतो ते घरी नेल्यावर कळतं. म्हणून मी कोणताही रिव्ह्यू बघताना 'हा माणूस खरं बोलतोय का' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, 'जे सांगतोय ते त्याला कळणं शक्य होतं का?'

स्क्रीन कशी दिसते, दिवसाउजेडी फोटो कसे येतात, वजन, हातातली पकड, कंपनीने किती नको ती ॲप्स कोंबलीत, हे सगळं आठवड्यात कळतं. यावर तीन वेगवेगळे लोक एकच सांगत असतील तर निर्धास्त विश्वास ठेवा, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत. बॅटरी दोन वर्षांनी किती उरेल, अपडेटनंतर फोन संथ होईल का, सोलापुरात पार्ट मिळेल का, हे आठवड्यात कोणालाच कळत नाही. तरी व्हिडिओत त्यावर ठामपणे बोललं जातं. तिथे कान बंद करायचे.

उदाहरण सांगतो. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ बाजारात आला. समीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं, आणि ते खोटं नव्हतं. स्क्रीन, पेन, बांधणी खरंच चांगली होती. दोनतीन आठवड्यांत काही फोन पेट घेऊ लागले. सप्टेंबरमध्ये कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत बोलावायला घेतले, बदलून दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद केलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारण जाहीर केलं: दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष होते. लाखोंपैकी मोजक्या नगांत दिसणारा दोष एका माणसाला एका नगावरून कसा सापडणार? तो कितीही प्रामाणिक असला तरी नाही.

शिवाय समीक्षकाकडचा नग आणि तुमच्या डब्यातला नग एकसारखाच वागेल याचीही खात्री नसते. २०१७ मध्ये वनप्लस ५ च्या समीक्षकांना पाठवलेल्या फोनांत बेंचमार्क ॲप (फोनचा वेग मोजून आकडा देणारं ॲप) ओळखून प्रोसेसर जोरात पळवला जातो, असं एक्सडीए या संकेतस्थळाने दाखवून दिलं. मार्च २०२२ मध्ये गीकबेंच या बेंचमार्क ॲपने सॅमसंगच्या गॅलक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढल्या, कारण फोनमधली एक सेवा गेम आणि इतर ॲप्सचा वेग कमी करत होती, बेंचमार्कचा मात्र करत नव्हती. कॉम्प्युटरच्या एसएसडीत (डेटा साठवायच्या ड्राइव्हमध्ये) तर नाव तेच ठेवून आतली मेमरी चिप बदलल्याची प्रकरणं आहेत. २०२१ मध्ये क्रूशियल पी२ या एसएसडीचं असं झालं. जुना रिव्ह्यू खरा, पण आता मिळणारी वस्तू वेगळी. म्हणून व्हिडिओत बेंचमार्कचे आकडे सुरू झाले की मी चहा मागवतो.

आता तुमच्या वडिलांकडे येऊ.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश हवा योग्य मानते. म्हणजे आपला उन्हाळा फोन बनवणाऱ्याच्या हिशेबाबाहेरच आहे. पत्र्याखाली, माग चालू असताना आत किती होत असेल ते वडिलांनाच विचारा. फोन तापला की आधी स्क्रीन आपोआप मंद होते. ग्राहक म्हणतो डिस्प्ले गेला, पण तो स्वतःला वाचवत असतो. मग चार्जिंग मंदावतं. बॅटरीच ४५ अंशांच्या आसपास पोचली तर बरेच फोन चार्जिंग थांबवूनच टाकतात. 'अर्ध्या तासात फुल' हा दावा थंड खोलीत खरा असतो. तुम्हाला दिसलेली 'फार तापतो' ही प्रतिक्रिया म्हणूनच मी लगेच फेकून देणार नाही, पण लगेच मानणारही नाही. ती कोणत्या महिन्यात लिहिली आहे ते बघा. जानेवारीत लिहिली असेल तर फोनमध्ये काहीतरी आहे. मेमध्ये लिहिली असेल तर तापमान आहे, आणि शेजारच्या मॉडेलखालीही तसंच सापडेल.

दुसरी गोष्ट सुताची. टॉवेलच्या कारखान्यातले फोन माझ्याकडे येतात ते चेहऱ्यावरून ओळखू येतात. इअरपीसच्या जाळीवर पांढरी साय धरलेली, स्पीकरचा आवाज कोंडलेला, आणि तक्रार ठरलेली: 'चार्जिंगची पिन सैल झाली, जॅक बदला.' भिंगाखाली धरलं की जॅकच्या तळाशी लव दाबून दाबून नमद्यासारखी बसलेली दिसते. रोज पिन आत ढकलून आपणच ती ठासतो. बारीक चिमट्याने ती वडी बाहेर काढली की पिन टक्कन बसते आणि जॅक बदलावा लागत नाही. आता रिव्ह्यूत 'आयपी ६४', 'आयपी ६८' ऐकलं की लोकांना वाटतं धुळीची चिंता मिटली. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो, दुसरा पाण्याचा; धुळीला ६ म्हणजे आत धूळ शिरत नाही, ५ म्हणजे थोडी शिरली तरी बिघाड करत नाही. पण जॅकचं तोंड उघडंच असतं. आयपी ६८ वाल्या फोनच्या जॅकमध्येही लव तशीच भरते. दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओत बसलेला माणूस हे कसं सांगणार? त्याला दोष नाही, त्याच्या खिशात कधी सूत गेलेलंच नाही.

साइटवरच्या ताऱ्यांबद्दल थोडं. लिहायला बसतात ते बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. ज्याचा फोन बरा चाललाय तो कशाला लिहील? त्यामुळे सरासरी आकड्याला मी फारसं विचारत नाही. एका ताऱ्याच्या निम्म्या तक्रारी डबा फाटका आला, कुरिअरवाला उद्धट होता अशा असतात, पाच ताऱ्यांच्या बऱ्याचशा डबा उघडल्या दिवशीच्या. दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा, तिथे माणूस विचार करून लिहितो. क्रम 'नवे आधी' करा. ४ जीबी आणि ८ जीबी रॅमच्या फोनांचे अभिप्राय एकाच ठिकाणी गोळा केलेले असू शकतात, ते तपासा. कधी तर अख्खी वेगळीच वस्तू जुन्या ताऱ्यांखाली सरकवतात. अमेरिकेत २०२३ मध्ये जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीला याच उद्योगापायी ६ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं खरं, पण ते ऐच्छिक ठेवलं. इअरफोन, चार्जर, कव्हर यांच्या डब्यात 'पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा' अशी चिठ्ठी मी अनेकदा पाहिली आहे. ॲमेझॉनने असल्या मोबदल्याच्या अभिप्रायांना २०१६ मध्येच मनाई केली, चिठ्ठ्या तरी निघतातच. म्हणून स्वस्त ॲक्सेसरीच्या ताऱ्यांवर माझा विश्वास फोनच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी कमी.

मग विश्वासाचं कोणीच नाही का? स्वतःच्या पैशाने दुकानातून वस्तू घेऊन तपासणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून तेच करते आणि जाहिराती घेत नाही. आपल्याकडे दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस आणि अहमदाबादची सीईआरसी तुलनात्मक चाचण्या करतात. मिक्सर, पंखे, खाद्यतेल यांसाठी असं काम मोलाचं आहे. पण फोनचं मॉडेल सहा महिन्यांत जुनं होतं, नीट चाचणी होईपर्यंत ते दुकानातून उठलेलं असतं.

आणि दुकानदार? काउंटरवर कंपनीचा टी-शर्ट घातलेला पोरगा असतो, तो दुकानाचा नसून कंपनीचा असू शकतो. दुकानदारालाही महिन्याची स्कीम असते, ठरावीक मॉडेलवर जास्त सुटतात. 'हाच घ्या काका, खूप चालतोय' मागे तेही असू शकतं. तरी परिचयाचा दुकानदार मी पूर्ण सोडून देणार नाही. तक्रार घेऊन तुम्ही त्याच्याच दारात जाणार आहात हे त्याला माहीत असतं.

राहिलो मी. एखाद्या मॉडेलचे डिस्प्ले माझ्याकडे सारखे येत असतील तर तो नाजूक असेल, किंवा नुसता खूप खपला असेल. टेबलावरून मला ते वेगळं काढता येत नाही. म्हणून 'दुरुस्तीवाला म्हणतो अमुक कंपनी बेकार' हेही घाऊक मानू नका. मात्र बिघाडाच्या प्रकारावर आम्ही बोललो तर ऐका. फोन पडला नाही, आपटला नाही आणि अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. वॉरंटी संपून थोडेच महिने झाले आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं. असं एकाच मालिकेत पुन्हा पुन्हा दिसलं तर त्यात वापरणाऱ्याचा दोष नसतो. आणि कोणत्या फोनचा पार्ट मिळायला पुण्याहून मागवावा लागतो, हे आमच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

थोडक्यात, रिव्ह्यू बघून दोन मॉडेलं निवडलीत इथवर तुम्ही बरोबर आहात. त्यापुढचं काम व्हिडिओने होणार नाही.

अर्थात वडील फोन किती वर्षं वापरतात यावर बरंच अवलंबून आहे. दर वर्षी बदलत असतील तर माझं निम्मं म्हणणं सोडून द्या, रिव्ह्यू पुरेत. चार-पाच वर्षं ओढणार असतील, आणि कारखान्यात काम करणारी माणसं ओढतातच, तर पुढचं करा.

दोन्ही कंपन्यांच्या सोलापुरातल्या सर्व्हिस सेंटरवर स्वतः जा. तुम्हाला हवंय त्या मॉडेलबद्दल विचारू नका, तो नवा आहे. त्याच मालिकेतल्या गेल्या वर्षीच्या मॉडेलचा डिस्प्ले केवढ्याला आणि किती दिवसांत, एवढं विचारा. काम इथेच होतं की फोन बाहेरगावी जातो, तेही. डिस्प्लेची किंमत फोनच्या निम्म्यावर जात असेल तर तो फोन एकदा पडेपर्यंतच तुमचा. यूट्यूबवरही गेल्या वर्षीच्याच मॉडेलचे 'एका वर्षानंतर' असे व्हिडिओ शोधा. ते कमी लोक करतात, कमी लोक बघतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचे तेच. त्याखालच्या मे-जूनमधल्या कॉमेंट वाचा. विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातली माणसं उन्हाचं नीट सांगतात.

सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या स्वतःच्या पानावर बघा, रिव्ह्यूतून नको. वडील फोनवरून पैसे पाठवत असतील तर हे कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं. दुकानात रिंग पूर्ण आवाजात वाजवून बघा, रस्त्याच्या बाजूला उभं राहून. व्हायब्रेशन किती जोराचं आहे ते शर्टाच्या खिशात ठेवून बघा. मागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, खिशात जाणवावी लागते. यावर एकाही व्हिडिओत अवाक्षर सापडणार नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर 'परत' आणि 'बदलून' यातला फरक वाचा. फोनवर बहुधा ठरावीक दिवसांत फक्त बदलून मिळतो. डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) डब्याशी आणि बिलाशी जुळवा. त्या दिवसांत वडिलांना तो कारखान्यात न्यायला सांगा, कपाटात जपून ठेवू नका. काही निघालं आणि विक्रेता दाद देईना, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

दोन मॉडेलांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. सर्व्हिस सेंटरवर कळलेली डिस्प्लेची किंमत आणि दिवस यांच्यासह ती इथे टाका. त्यांच्या आधीच्या मॉडेलांत मी काय काय बदललंय ते मग सांगतो.